मार्क पण हवेत आणि विषय पण यायला हवा: सेमिस्टर कसं आखायचं?

प्रश्न: मेकॅनिकल दुसरं वर्ष, सोलापूर

नमस्कार. तिसरं सेमिस्टर सुरू झालंय. विषय असे: गणित ३ (४ क्रेडिट), थर्मोडायनॅमिक्स (४), स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स (४), मॅन्युफॅक्चरिंग (३), मेटॅलर्जी (३), पर्यावरण (२). एकूण २० क्रेडिट. लेखी ७० गुणांची, अंतर्गत ३०.

दोन मार्ग दिसतात. पहिला, गेल्या पाच वर्षांचे पेपर घ्यायचे, पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न पाठ करायचे, ८ च्या आसपास एसजीपीए (सेमिस्टरची ग्रेड-सरासरी) काढायचा. दुसरा, मूळ पुस्तक घेऊन विषय शिकायचा, पण त्यात एका धड्याला पंधरा दिवस जातात आणि सिलॅबस अर्धा राहतो. पहिल्या मार्गाने गेलेल्यांना पुढच्या सेमिस्टरला मागचं काही आठवत नाही. दुसऱ्या मार्गाने गेलेल्यांचे मार्क जातात आणि प्लेसमेंटच्या यादीत नाव लागत नाही.

दोन्ही कसं जमवायचं ते तासांच्या आणि गुणांच्या हिशोबासकट कुणी सांगेल का? "आवडीने अभ्यास कर" एवढं उत्तर नको, ते माहीत आहे.

उत्तर १: खडू-फळा

आधी क्रेडिटचा हिशोब कागदावर मांड. बहुतेकांची धावपळ चुकीच्या ठिकाणी होते ती हा हिशोब केला नाही म्हणून.

एसजीपीए म्हणजे प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, त्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६. तुझ्या २० क्रेडिटमध्ये चार क्रेडिटच्या विषयात एक पायरी वर गेलास तर ४ भागिले २०, म्हणजे ०.२ वाढतात. पर्यावरणात एक पायरी वर गेलास तर ०.१. आठ सेमिस्टरचे मिळून १६० क्रेडिट धरले तर पर्यावरणात बी प्लसवरून थेट ओ वर उडी मारून सीजीपीएत (सगळ्या सेमिस्टरच्या एकत्र सरासरीत) फरक पडतो ०.०४ पेक्षाही कमी. त्यासाठी लोक परीक्षेच्या आधीचे दोन अख्खे दिवस घालवतात.

आता उलटं बघ. सगळीकडे ए असताना थर्मो राहिला, तर ८ गुणिले ४ म्हणजे ३२ पॉइंट गेले आणि एसजीपीए ८ वरून ६.४ वर आला. शिवाय बॅकलॉग. बऱ्याच कंपन्या कॅम्पसला दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी असं सगळीकडे ६० टक्के मागतात आणि चालू बॅकलॉग चालत नाही म्हणतात. म्हणजे खरा धोका आहे तो मोठ्या क्रेडिटचा विषय न समजता पाठ करून जाण्यात. ८.४ आणि ८.५ मधल्या फरकात तो नाही.

म्हणून वाटणी अशी कर. गणित, थर्मो, स्ट्रेंग्थ हे तीन विषय खोलात. तिथे ए प्लस आले तर १०८ पॉइंट. मॅन्युफॅक्चरिंग आणि मेटॅलर्जी नीटनेटके करून ए, म्हणजे ४८. पर्यावरण बी प्लस, म्हणजे १४. बेरीज १७०, एसजीपीए ८.५. सगळं पाठ करून जो ८ मिळतो त्यापेक्षा हा जास्त आहे.

"पाठ करून पण मार्क मिळतातच की" असं म्हणणाऱ्यांसाठी एक गणित देतो. सहा मीटरचा साध्या टेकूंवरचा बीम आहे. डावीकडच्या तीन मीटरवरच दर मीटरला ४ किलोन्यूटन भार आहे, उरलेला अर्धा मोकळा. कमाल बेंडिंग मोमेंट (बीमला वाकवणारा परिणाम) किती आणि कुठे?

पाठ केलेला मुलगा पूर्ण बीमवर भार असतानाचं सूत्र, डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ, लावतो आणि १८ लिहितो, जागा मध्यावर दाखवतो. दोन्ही चूक. एकूण भार १२ किलोन्यूटन, तो डाव्या टोकापासून दीड मीटरवर धरायचा. डावी रिअॅक्शन (टेकूचा वरचा जोर) १२ गुणिले ४.५ भागिले ६, म्हणजे ९. उजवी ३. शिअर (बीमला कातरणारं बल) शून्य होतो ९ भागिले ४, म्हणजे २.२५ मीटरवर. तिथे मोमेंट २०.२५ वजा १०.१२५, म्हणजे १०.१२५ किलोन्यूटन-मीटर. यात पाठ करण्यासारख्या गोष्टी दोनच आहेत: शिअरचा उतार म्हणजे भाराची तीव्रता, आणि मोमेंटचा उतार म्हणजे शिअर. या दोन ओळी पक्क्या असल्या की कुठलाही भार येऊ दे, आकृती तुझी तूच काढशील. त्या नसल्या तर पंधरा सूत्रं पाठ करावी लागतात आणि पेपर काढणाऱ्याने भार थोडा सरकवला की पंधराही निरुपयोगी.

समजून घेण्यात वेळ जातो हे खरं. पण तो मूळ दोन-तीन कल्पनांवर घालवायचा असतो, अख्ख्या पुस्तकावर नाही. एका धड्याला पंधरा दिवस लागत असतील तर तू प्रत्येक पान सारख्याच वेगाने वाचतोयस.

थर्मोमध्ये अशी जागा म्हणजे चिन्हांची. बारावीच्या रसायनशास्त्रात अंतर्गत ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता अधिक कार्य, कारण तिथे सिस्टिमवर केलेलं कार्य धन धरतात. भौतिकशास्त्रात आणि इंजिनिअरिंगच्या पुस्तकात सिस्टिमने केलेलं कार्य धन धरतात, म्हणून तिथे उष्णता वजा कार्य. नियम एकच. हे पहिल्या आठवड्यात सुटलं नाही तर पुढचे चार धडे अंदाजाने सोडवले जातात. गणित सोडवायला घेतलं की वर एक ओळ लिही: क्लोज्ड की ओपन सिस्टिम, उष्णता आत की बाहेर, कार्य कोण कोणावर करतंय. मग सूत्राकडे वळ.

प्रश्नकर्ता

आभारी आहे सर. बीमचं गणित करून पाहिलं, मी पण १८ च लिहिलं होतं. आता आठवड्याची आखणी कशी करायची? कॉलेज साडेपाचला सुटतं.

उत्तर २: पहाटेची पाळी

आठवड्याला वीस क्रेडिटसाठी घरचे साधारण १८ ते २० तास पुरतात, कॉलेजच्या तासांना बसलास तर. जास्त बसण्यापेक्षा कसा बसतोस ते महत्त्वाचं.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो नोट्स पुन्हा पुन्हा वाचण्यात आणि पिवळ्या रंगाने ओळी रंगवण्यात. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के आलं, वाचणाऱ्यांना ४० टक्के. आदल्या रात्री वाचून सकाळी पेपर देणाऱ्याचं का निभावतं आणि पुढच्या सेमिस्टरला पाटी कोरी का असते, दोन्हींचं कारण यात आहे.

तर असं कर. तास झाला त्याच दिवशी संध्याकाळी १५ मिनिटं, वही मिटून कोऱ्या कागदावर त्या तासाला काय शिकवलं ते लिहून काढ. आकृतीसकट. अडलं तिथे जागा सोड. मग वही उघडून लाल पेनाने ती जागा भर. ती लाल शाई हाच तुझा अभ्यास, बाकीचं येतंय. हे कागद विषयवार फाइलला लाव.

पुढची उजळणी कधी, तर परीक्षेला जेवढे दिवस आहेत त्याच्या दहा ते वीस टक्के अंतराने. साठ दिवस असतील तर सहा ते बारा दिवसांनी. कॅलेंडरवर फार किचकट मांडू नकोस. दर रविवारी मागच्या आठवड्याचे कागद, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी पूर्ण महिन्याचे. प्रत्येक वेळी आधी आठवायचं, मग बघायचं. हा क्रम उलटा झाला की पुन्हा नुसतं वाचनच होतं.

गणितं सोडवताना एकाच प्रकारची वीस ओळीने सोडवू नकोस. पहिली तीन-चार ओळीने ठीक. त्यानंतर मिसळ: एक बीमचं, एक टॉर्शनचं, एक मोहर सर्कलचं. ओळीने सोडवताना कोणती पद्धत लावायची ते धड्याच्या नावावरूनच कळलेलं असतं. पेपरात धड्याचं नाव लिहिलेलं नसतं, आणि मुलं पहिली अडतात ती तिथेच.

वेळेचं म्हणशील तर सोलापुरात पहाट सोडू नये. सम सेमिस्टरची परीक्षा एप्रिल-मेमध्ये येते. तेव्हा पारा चाळीसच्या वर, आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी बारा ते पाच डोकं चालत नाही. पाच ते आठ हे तीन तास गणितांना दे. दुपार लिखाणाच्या कामाला: जर्नल, आकृत्या, असाइनमेंट. दुपारी थंड जागा हवी असेल तर कॉलेजचं ग्रंथालय बरं. आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेचा आठवडा आखणीत मोकळाच ठेव. गड्ड्याजवळ, म्हणजे जत्रेजवळ, राहणाऱ्यांनी तर नक्की. तो मोजून पुढे मागे पडण्यापेक्षा आधीच वगळलेला बरा.

उत्तर ३: चौथा पेपर

पहिल्या उत्तरातल्या वाटणीशी मी पूर्ण सहमत नाही. क्रेडिट बघून विषय निवडले की मेटॅलर्जी मागे पडते. पण पुढे मशीन डिझाइनला मटेरियल निवडताना आयर्न-कार्बन आकृती आणि हीट ट्रीटमेंट लागते, आणि मुलाखतीत मेकॅनिकलच्या मुलाला हमखास विचारतात की अॅनीलिंग आणि नॉर्मलायझिंगमध्ये फरक काय. उत्तर एका वाक्याचं आहे: एक भट्टीतच सावकाश थंड करायचं, दुसरं बाहेर हवेत. पण हवेत थंड केल्यामुळे दाणा लहान का होतो, ताकद का वाढते, हे सांगता यायला पाहिजे.

म्हणून निवडीचा निकष दुहेरी ठेवा. किती क्रेडिट, आणि पुढच्या किती विषयांचा पाया. अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडा, पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरचे विषय वाचा, प्रत्येकाला आताचं काय लागतं ते पेन्सिलीने लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे. हीट ट्रान्सफरला थर्मो आणि डिफरन्शियल इक्वेशन्स लागतात. डिझाइनला स्ट्रेंग्थ आणि मेटॅलर्जी. मग मेटॅलर्जीतले दोनच घटक खोलात घ्या, बाकी घटक पेपरापुरते. विषय अख्खा निवडायची गरज नाही, घटक निवडा.

प्रश्नपत्रिकेत प्रश्नासमोर बीएल (ब्लूमची पातळी) किंवा सीओ (कोर्स आउटकम) असे रकाने असतील तर ते वाचायला शिका. एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषदेने) २०१८ मध्ये परीक्षा सुधारणेचं धोरण आणलं, त्यानंतर हे बऱ्याच ठिकाणी दिसतं. पातळी १ आणि २ म्हणजे व्याख्या सांगा, वर्णन करा. पातळी ३ पासून पुढे वापरा, विश्लेषण करा. जुन्या तीन पेपरांत कोणत्या घटकावर वरच्या पातळीचे प्रश्न येतात ते मोजा. त्या घटकात पाठांतर बुडतं. खालच्या पातळीच्या घटकांत नेमकी व्याख्या आणि स्वच्छ आकृती पुरते, तिथे उगाच खोल जाऊ नका.

जुने पेपर गोळा करताना एक गोष्ट. सोलापूर विद्यापीठ २००४ चं. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. ग्रंथालयात त्या काळचे पेपर बांधून ठेवलेले असतील तर स्ट्रेंग्थ आणि थर्मोसाठी जरूर काढा. बीम आणि वाफ बदललेली नाही, आणि ती गणितं आजच्या गाइडमध्ये नसतात, त्यामुळे खरंच येतंय का ते कळतं.

एनपीटीईएलचा (आयआयटी वगैरेंचा ऑनलाइन) कोर्स करायचा असेल तर सेमिस्टरला एकच, आणि चालू विषयाचाच. बारा आठवड्यांच्या कोर्सला बारापैकी उत्तम आठ असाइनमेंट धरतात, त्यांना २५ टक्के, परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० लागतात. क्रेडिट मिळणार का हे नाव नोंदवायच्या आधी कॉलेजच्या समन्वयकांना विचारा, नंतर नाही.

उत्तर ४: सायझिंग खातं

अंतर्गत ३० गुणांवर कुणीच बोललं नाही. खरं तर शिकणं आणि मार्क एकाच कामातून मिळतात अशी हीच एक जागा आहे, आणि तीच सगळ्यात जास्त नक्कल करून भरली जाते. सिनियरचं जर्नल आणायचं, रीडिंग उतरवायची, सबमिशनच्या आदल्या रात्री सह्या. त्यात गुण मिळतात, पण तोंडी परीक्षेत पहिल्याच "का" ला गाडी थांबते.

एक उदाहरण घ्या. यूटीएमवर (धातूची ताकद तपासायच्या यंत्रावर) माइल्ड स्टीलच्या सळईची टेन्साइल टेस्ट, म्हणजे ओढून तपासणी. यंत्राच्या जबड्याचं सरकणं मोजून स्थितिस्थापकतेचा गुणांक काढला तर तो २०० गिगापास्कलच्या खूप खाली येतो. उतरवलेल्या जर्नलमध्ये मात्र बरोबर २०० च्या आसपास असतो, कारण कुणीतरी उत्तरावरून मागे गणित केलेलं असतं. तो कमी का येतो? सळई जबड्यात थोडी घसरते, यंत्राची चौकट स्वतःही थोडी ताणली जाते, आणि हे सगळं सळईच्या लांबीवाढीत धरलं जातं. लांबीवाढ मोजणारा एक्स्टेन्सोमीटर सळईवरच बसतो म्हणून तो खरं सांगतो. आपलं "चुकीचं" रीडिंग तसंच ठेवून खाली हे तीन ओळींत लिहा. परीक्षक त्यावरच प्रश्न विचारतील आणि उत्तर तुमच्याकडे आहे.

त्यासाठी प्रयोगशाळेत एक कच्ची वही ठेवा. तारीख, रीडिंग, यंत्राचा लीस्ट काउंट, आणि एक ओळ: आज काय विचित्र दिसलं. जर्नल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. आठवड्याने लिहिलं की नक्कलच होते, कारण आठवत काहीच नसतं.

दुसरं, मायक्रो प्रोजेक्ट. इंटरनेटवरून मॉडेल आणून थर्माकोल चिकटवू नका. आपण सोलापुरात आहोत. चौथ्या सेमिस्टरला कायनेमॅटिक्स, म्हणजे यंत्राच्या भागांच्या हालचालीचा विषय, येईल. अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा पूर्व भागात चादरीचा, टॉवेलचा कारखाना आहे, आणि शटलचा साधा पॉवरलूम म्हणजे अख्खं कायनेमॅटिक्स उघड्यावर चालू असतं. क्रँकशाफ्ट आणि पिटमनने (जोडदांड्याने) फणी मागे-पुढे होते, म्हणजे चार दांड्यांची यंत्रणा. साध्या विणीत क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की खालच्या शाफ्टचा एक फेरा होतो, कारण खालच्या शाफ्टच्या एका फेऱ्यात डावीकडून आणि उजवीकडून अशी एकेक पीक (आडवा धागा) टाकायची असते. खालच्या शाफ्टवरचे कॅम ताण्याचे (उभे) धागे वर-खाली करतात.

करायचं काय: मालकांची परवानगी घ्या, काम चालू असताना कामगारांना अडवू नका. फणीच्या बाजूला खडूने खूण करा, आणि हे यंत्र बंद असताना. समोर ठराविक अंतरावर स्केल धरून मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. यंत्र मिनिटाला १२० फेरे फिरत असेल तर एका फेऱ्याला अर्धा सेकंद, म्हणजे १२० फ्रेम. दर फ्रेमला क्रँक ३ अंश फिरतो. दर पाचव्या फ्रेमला खुणेची जागा मोजा, म्हणजे १५ अंशांना एक असे २४ बिंदू मिळतात. आलेख काढा आणि त्यावर शुद्ध साइन वक्र ठेवून बघा. दोन्ही जुळणार नाहीत. फणी मागच्या टोकाला जास्त वेळ रेंगाळते, कारण क्रँकच्या मानाने पिटमन आखूड असतो. तो जितका आखूड तितका शटलला पलीकडे जायला वेळ जास्त मिळतो. हे पुस्तकात एका ओळीत असतं. स्वतःच्या २४ बिंदूंतून दिसलं की विसरत नाही, आणि १० गुणांच्या प्रोजेक्टला १० मिळतात.

सुरक्षिततेचं ठळक सांगतो: शटल ज्या रेषेत जातो त्या रेषेत, यंत्राच्या दोन्ही टोकांना उभं राहू नका. शटल उडतो. ओढणी, सैल शर्ट, गळ्यातलं ओळखपत्र सांभाळा, उघड्या पट्ट्यांपासून दूर.

टॉवेलचा लूम मिळाला तर अजून छान. तिथे ताण्याचे दोन बीम असतात, एक पायाच्या कापडाच्या घट्ट धाग्यांचा, एक लूपच्या सैल धाग्यांचा. दोन पीक थोड्या अलीकडे ठेवून तिसऱ्या पीकला फणी पूर्ण ठोकते, तेव्हा सैल धागे उचलले जाऊन लूप तयार होतात. यात यंत्रणा कशी बदलली ते शोधायला लावलं तर दोघांचा महिनाभराचा प्रोजेक्ट होतो.

दुसऱ्या शाखांनाही हे लागू आहे. फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. जिल्ह्यात साखर कारखाने कितीतरी, त्यांच्याकडे बॉयलर आणि टर्बाइन आहेत. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. भेटीचं पत्र विभागप्रमुखांच्या सहीने महिनाभर आधी द्यावं लागतं. परीक्षा जवळ आल्यावर धावाधाव केली तर परवानगी मिळत नाही.

उत्तर ५: तीन भाषांचं घर

भाषेबद्दल थोडं. घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळा मराठी, पेपर इंग्रजी अशी मुलं इथे प्रत्येक वर्गात आहेत. त्यांचे मार्क बऱ्याचदा विषयात जात नाहीत, वाक्यात जातात. आणि वाक्य जमत नाही म्हणून ती पाठांतराकडे वळतात.

आधी समजून घ्या आपल्या भाषेत, मोठ्याने बोलून, शेजारच्याला सांगून. मग इंग्रजीत उतरवा. ही पायरी गाळू नका. एक वही करा, पानाचे तीन भाग: इंग्रजी संज्ञा, आपल्या शब्दांत अर्थ, आणि ज्या शब्दाशी तिची गल्लत होते तो शब्द. गल्लत हा भाग सर्वांत कामाचा. "ताण" आपण ओढलेल्या दोरीलाही म्हणतो आणि स्ट्रेसलाही. पण दोरीतली ओढ हे बल आहे, न्यूटनमध्ये. स्ट्रेस म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन. "गरमी" म्हटलं की उष्णता आणि तापमान एक होतात, आणि थर्मोत तिथेच घोटाळा होतो: वाफ होताना पाण्यात उष्णता जात राहते, तापमान मात्र तेवढंच राहतं.

दर घटकाला अशा दहा-बारा संज्ञा असतात. प्रत्येकीची इंग्रजी व्याख्या पंधरा शब्दांच्या आत, स्वतः बनवलेली, शिक्षकांकडून एकदा तपासून घेतलेली. ती पाठ करा, खुशाल. समजलेलं पाठ करण्यात काही वाईट नाही. लांब उत्तरं पाठ करू नका, मधला एक शब्द विसरला की पुढचं सगळं अडतं.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पॉवरलूमचं चौथ्या सेमिस्टरला नक्की करणार, वर्गातल्या एकाच्या घरचेच लूम आहेत. शेवटचं विचारतो: समजून अभ्यास केला तरी पेपरात वेळ पुरत नाही, असं सिनियर सांगतात. शेवटच्या तीन आठवड्यांत काय करायचं?

उत्तर ६: खडू-फळा

मेटॅलर्जीबद्दलचा वरचा मुद्दा मान्य. घटक निवडणं हे विषय निवडण्यापेक्षा बरोबर आहे.

वेळ पुरत नाही कारण लिहिण्याचा सराव नसतो. समजणं एक काम, ते ठराविक मिनिटांत कागदावर उतरवणं दुसरं. तीन तास म्हणजे १८० मिनिटं. दहा मिनिटं पेपर वाचून प्रश्न निवडायला, दहा शेवटी तपासायला. उरली १६०. भागिले ७०, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं आणि थोडं. सात गुणांच्या प्रश्नाला १६ मिनिटं. सोळा झाली की जागा सोडून पुढे जायचं. एका गणितात तीस मिनिटं अडकणं हे चांगला अभ्यास असलेल्यांचंच दुखणं आहे, कारण त्यांना वाटतं हे मला यायलाच पाहिजे.

तीन आठवड्यांपैकी पहिल्यात नवीन काही वाचू नकोस, लाल शाईचे कागद आणि मिसळ गणितं. दुसऱ्यात एकेक प्रश्न सोळा मिनिटांचा गजर लावून, दिवसाला चार. तिसऱ्यात प्रत्येक मोठ्या विषयाचा एक पूर्ण पेपर, खुर्चीवर बसून, एकदाही न उठता, आणि ज्या वेळेला परीक्षा असते त्याच वेळेला. दुपारची परीक्षा असेल तर दुपारीच, उकाड्यात. हाताला आणि अंगाला सवय लागते.

गणितात पायरीला गुण असतात, म्हणून मांडणी अशी ठेव. आधी फ्री बॉडी आकृती, मग रिअॅक्शन, आणि त्या बरोबर आहेत का ते दुसऱ्या टोकाभोवती मोमेंट घेऊन एका ओळीत तपास. वरच्या बीममध्ये डाव्या टोकाभोवती ३ गुणिले ६ म्हणजे १८, आणि १२ गुणिले १.५ म्हणजेही १८. जुळलं. शिअर आणि मोमेंटच्या आकृत्या बीमच्या बरोबर खाली, एकाच उभ्या रेषेत. प्रत्येक आकड्याला एकक. चिन्हांचा संकेत कोपऱ्यात लिही. रिअॅक्शनमध्येच चूक झाली तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून ती एक ओळ गाळू नकोस.

निकाल लागला आणि एखाद्या विषयात अपेक्षेपेक्षा खूपच कमी आले, तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत माग. मुदत थोड्या दिवसांची असते, परिपत्रकावर लक्ष ठेव. प्रत हातात आली की पुनर्मूल्यांकनाचा निर्णय नंतर घे. आधी प्रत्येक कापलेल्या गुणासमोर तीनपैकी एक खूण कर: आलंच नाही, आलं पण मांडता आलं नाही, वेळ संपला. पहिली खूण जास्त असेल तर संध्याकाळचे पंधरा मिनिटांचे कागद नीट झालेले नाहीत. दुसरी असेल तर शिक्षकांना दाखवून विचार, या उत्तरात काय नव्हतं. तिसरी असेल तर गजर लावून सराव वाढव, अभ्यासाची पद्धत बदलू नकोस.